बत्तीसचा एमसीबी आणि हिंसा

निपाणीत आणि आजूबाजूच्या गावांत आता बऱ्याच स्वयंपाकघरांत ओव्हन आलाय. आम्हा जैनांच्या घरांत तर बिनअंड्याचे केक करून विकणाऱ्या बायकाही आहेत. वायरमन म्हणून मी तिथं जातो आणि पुन्हा पुन्हा तीच मागणी ऐकतो : "अण्णा, बत्तीसचा टाका की, हा सारखा पडतोय!"

पडणारा एमसीबी, म्हणजे करंट वाढला की लाइन तोडणारा स्विच, वीस अँपिअरचा असतो. तीन किलोवॅटचा ओव्हन २३० व्होल्टला साधारण १३ अँपिअर घेतो, तेवढ्यानं वीसचा पडत नाही. त्याच लाइनवर इंडक्शन शेगडीही लावलेली असते, म्हणून पडतो. भिंतीत तार अडीच स्क्वेअर एमएमची. एमसीबी ओव्हनसाठी नसतो, त्या तारेसाठी असतो. बत्तीसचा बसवला तर पंचवीस-अठ्ठावीस अँपिअर तासन्‌तास गेले तरी तो हलणार नाही, आणि पाइपातल्या तारेचं आवरण तापून तापून कडक होत जाईल. कदाचित वर्षानुवर्षं काही होणारही नाही.

मग पाप कुठं झालं?

कुंदकुंदाचार्यांनी ‘प्रवचनसार’ या ग्रंथात याचा निवाडा करून ठेवलाय. समोरचा जीव मेला की वाचला यावर ते हिंसा ठरवत नाहीत. वागणाऱ्यानं जपून केलं की नाही यावर ठरवतात. तत्त्वार्थसूत्रातही हिंसेच्या मुळाशी प्रमादच, म्हणजे बेसावधपणाच आहे. या हिशेबानं, बत्तीसचा एमसीबी अडीचच्या तारेवर चढवला त्याच क्षणी हिंसा झाली. आग लागो न लागो. आचार्य शांतिसागर महाराजांचं भोज गाव इथून जवळच, त्यामुळं मुनींचा विहार आमच्या भागाला नवा नाही. कमंडलू खाली ठेवण्याआधी मुनी मोरपिसांच्या पिंछीनं ती जागा हलक्या हातानं झाडून घेतात. गृहस्थाला एवढं जमत नाही, चुलीपाशी होणारी आरंभी हिंसा, म्हणजे घरकामात नकळत घडणारी हिंसा, त्याला टळत नाही, हे शास्त्रालाही मान्य आहे. पण ती सूट चुलीला आहे, हलगर्जीपणाला नाही.

पावसाळ्यात खरी कसोटी लागते. ओव्हनच्या एलिमेंटच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. ओव्हन महिनाभर बंद राहिला की ती दमट हवा ओढून घेते. मग चालू करताच थोडा करंट अर्थिंगकडे गळतो आणि गळती ओळखणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अख्खं घर बंद करतो. फ्रीज बंद, ऑर्डर अडकलेली, वहिनी रडकुंडीला आलेल्या. अशा वेळी कोणीतरी आरसीसीबी बायपास करून देतो आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. एमसीबी तार वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. ओल्या हातानं ओव्हनच्या पत्र्याला शिवणाऱ्या बाईला वाचवणारं तेवढंच असतं, तेच काढून टाकलेलं. मी एलिमेंटची गळती मेगर या मीटरनं तपासतो, उबेत वाळवतो, तरी गळती राहिली तर बदलायला लावतो. आणि ओव्हनला चार स्क्वेअर एमएमची वेगळी लाइन ओढून स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) द्या म्हणतो. मग एका ओव्हनपायी घरभर अंधार होत नाही आणि बायपासचा मोहही होत नाही. खर्च होतो, पण माझ्या मते नव्या ओव्हनच्या किमतीतच तो धरायला हवा.

"तुम्ही नाही टाकला तर दुसरा टाकेल," असंही ऐकावं लागतं. टाकेलच. पण आमच्याकडं कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेला, करवून घेतलेला आणि संमती दिलेला, असे तिन्ही दोष मोजतात. मी नकार दिला तर पहिला टळला. पिशवी उचलून मुकाट्यानं बाहेर पडलो तर तिसरा टळला का? मला तसं वाटत नाही. पुढं काय होणार हे ठाऊक असताना गप्प बसणं संमतीच्या फार जवळ जातं. म्हणून मी बोर्ड उघडून वहिनींना तापलेल्या तारेचं काळवंडलेलं टोक दाखवतो, घरातल्या कर्त्या माणसाला बोलावून घेतो, पुन्हा समजावतो. चहा गार होतो, पुढचं काम लांबतं.

तरीही माझ्यामागून कोण येईल ते माझ्या हातात नाही. तेव्हा काम संपलं की बोर्डाच्या झाकणाच्या आतून मार्करनं लिहितो : तार २.५, एमसीबी २० च्या वर नको. आधी मराठीत, खाली कन्नडमध्ये.