बावीस फटी

रात्रीचे साडेनऊ झालेत. उसाचा हंगाम आहे, त्यामुळे खिडकी उघडली की कारखान्याचा वास घरात येतो. आधी उकळत्या रसाचा, मागोमाग मळीचा. चलथाणात वाढलेल्या माणसाला हा वास वेगळा ओळखावा लागत नाही. कडोदऱ्याच्या बाजूला हायवेवर ट्रकांची घरघर चालू आहे. ती चालू राहू दे. तू बेसिनसमोर उभी राहा, बाळा. पाय फरशीवर नीट टेकव. खांदे सैल सोड.

तोंड मीट. जीभ दातांच्या आतल्या बाजूने सावकाश फिरव, उजव्या दाढेपासून डाव्या दाढेपर्यंत. आतून दात जसे होते तसेच आहेत, गुळगुळीत. आता तीच जीभ बाहेरून फिरव. ब्रॅकेट, तार, पुन्हा ब्रॅकेट. जीभ अडखळते. जिथे जीभ अडखळते तिथे अन्नही अडकतं, आणि जिथे जीभ पोचतच नाही, त्या दोन दातांमधल्या फटीत, ते सगळ्यात जास्त वेळ राहतं. आज आपण फक्त त्या फटींचा विचार करणार आहोत.

तुझे वरचे दोन आणि खालचे दोन दात जागा करायला काढले. अक्कलदाढा अजून यायच्या आहेत. म्हणजे वर बारा, खाली बारा. बारा दातांमध्ये अकरा फटी. वरच्या अकरा, खालच्या अकरा. बावीस.

श्वास घे. सोड. पुन्हा घे.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, हे मलाही तुझ्यामुळेच कळलं. मुळाभोवती तंतूंची एक पातळ गादी असते, जेमतेम 0.2 मिलिमीटर जाडीची, आणि दात त्या तंतूंवर झोळीतल्या तान्ह्या बाळासारखा झुलता असतो. तार त्याला एका अंगाने हलकेच दाबते. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड काही पेशी विरघळवत जातात. मागे जी जागा सुटते तिथे दुसऱ्या पेशी नवं हाड भरत येतात. महिन्याकाठी साधारण एक मिलिमीटर. तू शाळेत असतेस, झोपलेली असतेस, भुसावळकडची पॅसेंजर स्टेशनातून जाते, तेव्हाही हे काम चाललेलं असतं. तुला ते दुखण्यातून थोडंसं जाणवतं, तार आवळल्यावरचे दोन-तीन दिवस. एरवी पत्ताही लागत नाही.

हे सगळं बांधकाम हिरडीच्या आड चालतं. हिरडी सुजलेली, लाल, रक्ताळलेली असेल, तर दात सरकतो खरा, पण दुखावलेल्या घरात सरकतो.

आता कारखान्याच्या वासाकडे पुन्हा लक्ष दे. तिथे रसातून दाण्यादाण्याने सुटी होणारी साखर, तिचं नाव सुक्रोज. तीच साखर चहातून, बिस्किटातून, घारीतून आपल्या तोंडात येते. 1924 साली जे. किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून एक जिवाणू वेगळा काढला, स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. सुक्रोज मिळालं की तो दोन गोष्टी करतो: आम्ल सोडतो, आणि त्याच साखरेपासून एक चिकट पदार्थ तयार करून दाताला घट्ट धरून राहतो. चूळ भरून तो सुटत नाही. आम्लामुळे दातावरच्या थराचा पीएच 5.5 च्या खाली गेला की दाताच्या कवचातून कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडू लागतं. लाळ ते पुन्हा भरून काढते, पण लाळेला वेळ मिळाला पाहिजे, आणि तिला तिथवर पोचता आलं पाहिजे. चिकट थराखाली ती पोचत नाही. झोपेत लाळ फार कमी सुटते, म्हणून मी रात्रीची वेळ धरून बसले आहे.

निगा राहिली नाही तर ब्रॅकेटभोवती पांढरट खुणा उमटायला महिनाभरही पुरतो. ब्रॅकेट निघाल्यावर त्याच्या आकाराची पांढरी चौकट दातावर राहते. दात सरळ झालेला असतो आणि त्यावर चौकट असते.

पहिले तीन महिने मी तुला रोज एकच विचारलं, ब्रश केलास का. तू हो म्हणायचीस आणि ते खरंही होतं. मग डॉक्टरांनी आरसा माझ्याकडे वळवून दाखवला. दातांचे पुढचे पृष्ठभाग स्वच्छ, आणि प्रत्येक दोन दातांच्या मधे हिरडीचा लहानसा त्रिकोण फुगून लाल झालेला. ब्रशचे केस तिथे जातच नाहीत. ती चूक तुझी नव्हती. मी चुकीचा प्रश्न विचारत होते. त्या दिवसापासून आपण दोघी रात्री इथे उभ्या राहतो.

दोरा घे. साधारण 45 सेंटिमीटर, तुझ्या बोटांच्या टोकापासून कोपराच्या थोडं पुढेपर्यंत. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळ, मधे थोडासाच मोकळा ठेव.

तुझ्या आबांना आठव. सुरतेला उधन्याच्या खात्यात ते मागावर होते. नवा बीम चढवताना एकेक धागा मागाच्या वहीतून, मग फणीच्या दोन दातांमधून ओढून घ्यावा लागतो. इचलकरंजीकडे या कामालाच वहिफणी म्हणतात. एक धागा चुकला तर कापडात शेवटपर्यंत रेघ दिसते. आबा म्हणायचे, फणीशी भांडायचं नाही, ती जागा देते. मला ते वाक्य तेव्हा कळलं नव्हतं. तू पहिल्यांदा तारेखालून दोरा घालायचा प्रयत्न करून रडकुंडीला आलीस, तेव्हा कळलं.

तार आडवी आहे, त्यामुळे दोरा दातांच्या कडेकडून सरळ हिरडीपर्यंत जाऊ शकत नाही. म्हणून ही नायलॉनची, नेढं असलेली मऊ सुई. दोरा नेढ्यात ओव. सुईचं टोक तारेच्या मागून, हिरडीच्या बाजूने घाल आणि पलीकडून हळू ओढून घे. ज्या दोऱ्याचं एक टोक मुळातच ताठ असतं, तो आणला असेल तर सुई लागत नाही. दोन्ही चालतं. एवढं खरं की तारेला ओढ बसता कामा नये.

घाल. थांब. दोरा आता तारेच्या मागे आहे, दोन दातांच्या मधे. एकदम हिरडीकडे दाबू नकोस, हिरडी कापते. करवतीसारखा बारीक मागेपुढे करत त्याला उतरू दे. फट त्याला जागा देईल.

आता हे लक्षात घे: एका फटीला दोन भिंती असतात. डावीकडच्या दाताला दोरा इंग्रजी सी अक्षरासारखा बिलगू दे, हिरडीच्या कडेखाली किंचित जाऊ दे, आणि वरखाली कर. चार-पाच वेळा. मग उजवीकडच्या दाताला बिलगव, तसंच कर. मधून नुसता दोरा ओढून काढला तर अडकलेला घास निघतो, पण भिंतींवरचा थर तसाच राहतो. आपल्याला थर काढायचा आहे.

श्वास सोड. दोरा तारेखालून बाजूने ओढून काढ. त्यावर काय आलं ते बघ. पिवळट, मऊ, थोडं गुलाबी. किळस करू नकोस. काल रात्रीपासून आजपर्यंतचा तो एक दिवस आहे.

रक्त आलं तर घाबरून दोरा सोडायचा नाही. 1965 मध्ये डेन्मार्कात हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. साफसफाई पुन्हा सुरू केल्यावर आठवड्याभरात त्या ताळ्यावर आल्या. हिरडी क्षमाशील असते, असं मला त्या प्रयोगावरून वाटतं. तुझ्याही हिरड्यांनी दहा-बारा दिवसांत रक्त थांबवलं. दोन आठवड्यांनंतरही येत राहिलं असतं तर आपण डॉक्टरांकडे गेलो असतो.

पुढची फट. सुई, दोरा, तारेमागून, डावी भिंत, उजवी भिंत.

तू विचारलं होतंस, याने खरंच काही होतं का. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर मी तुला झाकून देणार नाही. 2006 साली एका आढाव्यात दोऱ्यावरचे प्रयोग एकत्र तपासले गेले. लहान मुलांच्या दातांतून शाळेच्या दिवसांत रोज प्रशिक्षित माणसाने दोरा फिरवला, आणि हे पावणेदोन वर्षं चाललं, तिथे फटीतल्या किडीचा धोका 40 टक्क्यांनी कमी झाला. किशोरवयीन मुलांनी तोच दोरा आपापला वापरला, तिथे फायदा दिसला नाही. दोरा तोच होता. मी या दोन ओळी खूप वेळा मनात घोळवल्या आहेत. म्हणूनच मी तुला मिनिटं मोजायला सांगत नाही, भिंती मोजायला सांगते. आणि जिथे फट रुंद आहे, काढलेल्या दातांच्या जागी, तिथे बारीक ब्रश दोऱ्यापेक्षा चांगलं काम करतो, तिथे तोच वापर.

हा दोरा काही आजचा नाही. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य लेव्ही स्पिअर पार्मली यांनी 1819 च्या आपल्या पुस्तकात दातांमधून मेणाचा रेशमी धागा फिरवायला सांगितलं होतं. रेशमाची जागा पुढे नायलॉनने घेतली. सुरतेच्या मागांवरचा धागाही असाच बदलत गेला. आबांच्या हातून किती नायलॉन गेलं असेल.

वरच्या अकरा झाल्या. हात दुखत असतील तर खाली सोड. बाहेर उसाची गाडी आली असावी, डांगातून आणि नंदुरबारकडून आलेल्या कोयतेवाल्यांनी दिवसभर तोडलेला ऊस. लहान असताना मी तो पुढच्या दातांनी सोलायचे. तुला दोन वर्षं तरी ते नाही, ब्रॅकेट उखडतं. रस पी, आणि पाण्याने चूळ भर.

आता खालच्या. समोरच्या दातांपासून सुरू कर, तिथे फटी सगळ्यात अरुंद आहेत. घाई करावीशी वाटेल. तशी वाटली की तिथेच थांब, एक श्वास घे, मग सुई घाल. डावी भिंत. उजवी भिंत.

एकवीस. बावीस.

अजून दोरा टाकू नकोस. शेवटच्या दाढेच्या मागे बघ. तिथे शेजारी दात नाही, म्हणून फट नाही, म्हणून ती मोजणीत आली नाही. पण तिला मागची भिंत आहे. दोरा तिच्याभोवती घाल, पुढे ओढून धर, आणि हळूहळू वरखाली कर.