गाडी घेण्याआधी जरा बसू या

या. बसा. घाई नाही.

जानेवारीतली सकाळ आहे. लखनौच्या चौकात धुकं उतरलंय. गोल दरवाजाच्या कमानीची एकच बाजू दिसते. दुसरी आहे असं मानायचं.

श्वास घ्या. हवेत धूर आहे, आणि मक्खन मलाईवरच्या केशराचा हलकासा वास. ही मलाई इथे थंडीतच मिळते. मन तिकडे जाईल. जाऊ द्या. मग परत बोलवा.

भिंतीला लागून एक जुनी स्कूटर उभी आहे. विजय सुपर.

तिच्याकडे बघा. नुसतं बघा. ही विकत घ्यायची नाहीये.

ती याच शहराची. १९७२ साली स्कूटर्स इंडिया ही सरकारी कंपनी निघाली, इटलीतल्या लँब्रेटाची यंत्रसामग्री इकडे आली आणि सरोजिनीनगरच्या कारखान्यात स्कूटरी बनू लागल्या. १९९७ मध्ये दुचाकी बनणं थांबलं. काही गाड्या मात्र अजून गल्लीबोळांत उभ्या दिसतात.

नजर सीटखाली न्या. तिथेच थांबा.

इंजिन मधोमध आहे. वजन दोन्हीकडे सारखं.

आता घरचा चेतक आठवा, पुण्याचा. त्याचं इंजिन उजव्या अंगाला. सुरू होईना की गाडी कलती करायची, मग पुन्हा किक. ज्यांनी ते केलंय त्यांच्या मांडीला तो भार आत्ताही जाणवेल.

जाणवू द्या.

यातली चांगली कोणती, हा वाद आज नको. तो चहाच्या टपरीवर रंगतो, मिटत मात्र नाही. भार कुठे आहे, एवढंच अंगाला कळू द्या.

श्वास सोडा.

नजर आणखी खाली. चाक. जेमतेम दहा इंचांच्या रिमचं. त्याच्याखाली ओलसर रस्ता, मागे भिंतीतल्या लखौरी विटा, पातळ, झिजलेल्या.

चाक गल्लीत पटकन वळतं. खड्ड्यातही तितकंच पटकन उतरतं. मोटारसायकलचं मोठं चाक त्याच खड्ड्यावरून निघून जातं, पण गल्लीच्या वळणावर तिला दोनदा मागेपुढे करावं लागतं.

थांबा इथे थोडं. चाक, आणि त्याच्याखालची जमीन. दोन्ही एकदम बघता येतात का?

डोळे मिटा.

आता तुमची वाट येऊ द्या. नकाशातली नको. रोजची. दारातून निघणारी.

पहिला उंबरठा. पहिलं वळण. कुठे हात आपोआप ब्रेककडे जातो?

लखनौ सपाट आहे, गोमतीच्या गाळाचं मैदान. इथे चढ नाही, गर्दी आहे. इंजिनापेक्षा क्लच दाबणारा डावा हात जास्त दमतो. गियर नसलेली गाडी इथे मनगटाला सुख देते. आंबा घाट रोज उतरणाऱ्याने मात्र दुसरं ऐकावं: उतारावर खालच्या गियरात इंजिन कसं घुमतं आणि गाडीला मागे धरून ठेवतं. त्याला गियर हवेत.

कुठला आवाज तुमचा आहे? ऐका.

वाट बदलली की गाडी कशी बदलते, ते बघायला मन जरा दूर जाऊ द्या, गुलमर्गला. तिथे या महिन्यात सगळं पांढरं असतं. बर्फावर स्नोमोबाइल चालते; पुढे स्की, मागे रबराचा फिरता पट्टा.

दाबून घट्ट झालेली वाट असली की आखूड पट्ट्याची गाडी चपळ वळते. भुसभुशीत, खोल बर्फात तीच रुतून बसते. तिथे लांब पट्टा लागतो, उंच दात्यांचा. भार पसरतो, गाडी वर राहते. मग ती वळवायला मात्र अंग टाकावं लागतं.

पांढरं. शांत. पट्ट्याखाली दबणारं बर्फ.

बघा, आणि परत या. चौकात. धुक्यात.

आता पायांकडे लक्ष द्या. सीटवर बसलात असं समजा. दोन्ही टाचा टेकतात का? की फक्त चवडे?

सावकाश. उत्तर पायांना देऊ द्या.

मागे कोण बसतं? त्या माणसाचा हात खांद्यावर येऊ द्या. आई असेल, तर गुडघा उचलताना तिला भिंतीचा आधार लागतो का? पुढे पायापाशी काय असतं, भाजीची पिशवी, गॅसची टाकी, दप्तर? त्याला जागा हवी.

आणि तुम्ही कसे चालवता?

स्वप्नात नाही. ऑफिसला उशीर झाल्यावर. पावसात. असं धुकं असताना, जेव्हा दिवा समोरच्याला आपण दिसावं म्हणूनच लावायचा असतो.

घाईत तुमचा अंगठा हॉर्नवर असतो का? असू द्या. नुसतं टिपून ठेवा.

जाहिरातीतल्या गाडीपुढचा रस्ता कायम मोकळा असतो, हेही हसत टिपून ठेवा.

श्वास घ्या. सोडा.

डोळे उघडा.

दुकानात जाल तेव्हा हे सगळं सोबत न्या, आणि मागे बसणाऱ्यालाही. इंजिन आधी सुरू करू नका. गाडी मधल्या स्टँडवरून उतरवा, हाताने चार पावलं ढकला, वळवा, परत स्टँडवर चढवा. मग चालवून बघायला मागा, दुकानासमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नव्हे. तुमच्या वळणावर, तुमच्या खड्ड्यातून.