उंबऱ्यावरचा प्रश्न

सावकाश बसा. पाठ टेकली तरी चालेल. आज एका प्रश्नाजवळ थोडा वेळ बसून राहायचं आहे.

मनात काही वर्षांपूर्वीचं एक दार आणा. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरातलं, लाल विटांच्या एकमेकींना चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं, थेट फुटपाथवर उघडणारं. बाहेर भुरभुर पाऊस. आत तुम्ही, बाहेर एक बाई. छत्री मिटलेली, गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉप. पाहणीसाठी आल्यात, चिठ्ठी निघावी तसा तुमचा पत्ता निघाला. घरात माणसं किती, वय काय, असं विचारून झालं. आता त्या विचारतात, ‘पाच वर्षांपूर्वीच्या मानाने प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक लोकांमधले संबंध सुधारलेत, बिघडलेत, की होते तसेच आहेत?’

उत्तर इतक्यात देऊ नका.

उत्तर आयर्लंडमध्ये हा प्रश्न 1989 पासून जवळजवळ दरवर्षी विचारला जातो, शब्दही साधारण तेच. 1998 पासून ‘लाइफ अँड टाइम्स’ नावाच्या पाहणीत तो असतो. पाहणी तिथली दोन विद्यापीठं मिळून करतात, पण पाहणीच्या या भागात सरकारला रस आहे, पैसाही सरकारी खात्यातून येत आला आहे. उत्तरांचा आलेख होतो, तो टेबलावर ठेवून धोरण लिहिलं जातं.

आता स्वतःकडे बघा. ‘पाच वर्षांपूर्वी’ म्हटल्यावर मन कुठे गेलं? कुणाचा चेहरा आला? की टीव्हीवरची एखादी बातमी आली, जळणारी बस, दगडफेक? ज्याच्या ओळखीत पलीकडचं एकही माणूस नाही, तोही या प्रश्नाचं उत्तर देतोच. कशाच्या आधारावर देतो? इथे रेंगाळा. घाई नाही.

1968 मध्ये रिचर्ड रोज या राज्यशास्त्रज्ञाने तिथे अशीच मोठी पाहणी केली होती. दोन्हीकडच्या निम्म्याहून जास्त लोकांनी सांगितलं की अलीकडे संबंध सुधारलेत. त्याच वर्षी 5 ऑक्टोबरला डेरी शहरात नागरी हक्कांच्या मोर्चावर पोलिसांच्या लाठ्या पडल्या. पुढची तीस वर्षं, साडेतीन हजारांहून जास्त मृत्यू. लोक खोटं बोलले होते असं मला वाटत नाही. शेजारी भेटला की हवापाण्याच्या गप्पा होत होत्या, आणि त्यांना ते पुरेसं वाटत होतं. नोकरी कुणाला, घर कुणाला, मत कुणाचं मोजायचं, हे त्या गप्पांत येत नव्हतं.

श्वास येऊ द्या, जाऊ द्या.

आता दाराच्या दुसऱ्या बाजूला या. विचारणाऱ्याच्या जागी उभे राहा. 1981 चा एप्रिल. तुरुंगात ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या कैद्यांची उपोषणं चालू होती, आणि जनगणना म्हणजे ब्रिटिश सरकारची हेरगिरी, अर्ज भरू नका, असा प्रचार होता. 7 तारखेला डेरीत एका घराच्या दारात अर्ज गोळा करणाऱ्या 29 वर्षांच्या प्रगणक बाईंना गोळी घातली गेली. घरात लहान मूल होतं त्यांच्या. काखेतल्या कागदांवर विचारलेलं होतं, घरात खोल्या किती, धर्म कोणता. या बाईंपाशी थोडं जास्त थांबा.

मग मोजूच नये का? मला तसं म्हणवत नाही. 1989 च्या कायद्याने मालकांना कामगारांची नोंद ठेवायला लावली: किती प्रॉटेस्टंट, किती कॅथलिक. जहाजाच्या गोदीत एकाच बाजूची माणसं का, हे आकड्यांशिवाय कुणाच्या पदरात घालता आलं नसतं. नोकरी मागताना भरायच्या नोंदीच्या अर्जात तीन चौकोन असतात. प्रॉटेस्टंट समाजातला, रोमन कॅथलिक समाजातला, दोन्हीपैकी नाही. तिसऱ्यावर खूण केलीत तरी सुटका होईलच असं नाही. शाळाही बहुतेक वेगवेगळ्या, त्यामुळे तुम्ही कोणत्या शाळेत शिकलात त्यावरून मालक तुम्हाला कुठल्या तरी रकान्यात टाकू शकतो. तिथला जुना विनोद आहे: ‘मी नास्तिक.’ ‘ते ठीक, पण प्रॉटेस्टंट नास्तिक की कॅथलिक नास्तिक?’ आपल्याकडे ‘आडनाव काय म्हणालात?’ असं गोड आवाजात विचारतात. हा विनोद आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

तो तिसरा चौकोन मनात धरा. स्वतः त्यावर खूण करून पाहा. हलकं वाटतं की एकटं?

बाई दुसरा प्रश्न विचारतात. ‘फक्त आपल्या धर्माच्या लोकांत राहायला आवडेल, की मिश्र वस्तीत?’ वर्षानुवर्षं बहुतेक लोक सांगत आलेत, मिश्र वस्तीत. आणि बेलफास्टमधल्या सरकारी घरांच्या बहुतेक वसाहती आजही एकाच बाजूच्या आहेत. 1969 मध्ये दोन्हीकडच्या वस्त्यांमध्ये तात्पुरती म्हणून उभारलेली भिंत अजून उभी आहे; तिच्यातलं लॅनार्क वेवरचं फाटक संध्याकाळी बंद होतं. याला ढोंग म्हणायची मला घाई नाही. आवडणं एका जागी असतं. मुलीला अंधारात त्या रस्त्याने घरी यायचंय, ते दुसऱ्या जागी. दोन्ही तुमच्याच आत आहेत का, बघा. असतील तर तशीच असू द्या.

1981 मध्येच, सप्टेंबरात, दोन्हीकडच्या 28 मुलांना घेऊन लॅगन कॉलेज ही एकत्र शाळा सुरू झाली. आज अशा शाळांत शंभरातली सात-आठ मुलं जातात. पाहणीत अशा शाळा हव्यात म्हणणारे मात्र कितीतरी जास्त.

आता परत दारात या. बाई थांबल्यात. पावसाचे थेंब लॅपटॉपच्या कडेवर जमलेत. तुम्ही अजून बोललेला नाहीत. पण मघाशी दार उघडल्या उघडल्या, त्यांनी प्रश्न विचारायच्याही आधी, तुमची नजर कुठे गेली होती, ते आठवा. गळ्यातल्या ओळखपत्राकडे. तुम्ही त्यांचं नाव वाचलंत.