'सगळेच करतात' (गीता ३.२१)



आजचा श्लोक कर्मयोगाच्या अध्यायातला. श्रेष्ठ माणूस जसा वागतो, तसेच बाकीचे वागतात; तो जे प्रमाण मानतो त्यामागे लोक जातात, असा त्याचा सरळ अर्थ. आजवर हा श्लोक वाचताना मला नेते, गुरू, फार तर ऑफिसातले सीनियर आठवायचे. स्वतःचा विचार कधी आला नाही.

मागच्या शनिवारी पहाटे स्वारगेटला पंढरपूरची गाडी लागली. गर्दी धावली, मीही धावलो आणि खिडकीतून रुमाल टाकून सीट धरली. दाराशी एक आजी पिशवी सावरत चढायची वाट बघत होत्या. बाजूच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि पुढच्या खिडकीतून आत भिरकावली. त्याचे बाबा कौतुकाने हसले. मला हसू आलं नाही.

मनात उत्तर तयारच होतं : सगळेच करतात, मी एकट्याने रांग धरून काय होणार? हे अगदीच खोटंही नाही. २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो सुरू झाली. तिथे मी रोज दाराच्या बाजूला उभा राहतो, उतरणाऱ्यांना आधी वाट देतो. कारण तिथे सगळे तसंच करतात. म्हणजे जिना चढून वर आलो की माझा स्वभाव बदलतो! मग माझं असं काय उरलं?

ज्ञानेश्वरीत या श्लोकावर लिहिताना माउलींनी 'वडील' हा शब्द वापरलाय. वडीलधारे जे करतात, त्यालाच लोक धर्म म्हणतात, असा भाव आहे. तेव्हा लक्षात आलं, की वडील व्हायला पद लागत नाही. कोणीतरी आपल्याकडे बघून शिकत असेल, तर आपण त्याचे वडील झालो. मी ज्या 'सगळ्यां'वर ढकलत होतो, त्यात त्या मुलासाठी पहिला मीच होतो.

पंढरपूरलाच निघालो होतो, म्हणून साने गुरुजी आठवले. विठ्ठल मंदिर दलितांसाठी खुलं व्हावं म्हणून त्यांनी मे १९४७ मध्ये तिथे उपोषण केलं. त्याआधी महाराष्ट्रभर फिरून लोकांना समजावलं. 'पूर्वापार असंच चालत आलंय' हे उत्तर तिथेही होतंच. पण ज्या समाजाने दार बंद ठेवलं, त्याच समाजाने संतांची समतेची शिकवणही शतकानुशतकं जपली होती. गुरुजींना दोन्ही वारशाने मिळालं. त्यातलं पुढे काय द्यायचं, ते त्यांनी निवडलं. मंदिर खुलं झालं.

माझ्या रुमालाची तिथे काय बरोबरी! पण निवड माझ्याही हातात होती. समाज आपल्याला घडवतो हे खरं. आपल्यातून पुढे काय जातं, ते मात्र आपलं.

आजींना ती सीट दिली. "माउली, सुखी राहा," म्हणाल्या. अर्धा रस्ता उभ्याने गेलो. तो मुलगा मात्र पुढे खिडकीशी बसला होता. त्याने माझा रुमाल पाहिला होता. उठलेला पाहिला नाही. ही रुखरुख अजून आहे.

आजचा संकल्प : 'सगळेच करतात' असं मनात आलं, की आधी मागे वळून बघू. कोणीतरी आपल्याकडे बघत असतं.

जय हरी विठ्ठल!