शिंप्याची साक्ष

एका गावात एक शिंपी होता. त्याची मुलगी शाळेतून आली की काज-बटणाला त्याच्याशेजारी बसायची. बाराव्या वर्षी तिला झटके येऊ लागले. "बाबा, पोटातून कायतरी वर चढतंय," एवढं म्हणून ती गप्प व्हायची. डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही. मिनिट-दीड मिनिटाने भानावर आली की तिला काहीच आठवत नसे.

घरात धावपळ उडायची. कुणी कांदा फोडून नाकाशी धरायचं, कुणी चप्पल हुंगवायचं. आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायची. शिंपी मात्र मशीन थांबवायचा, कात्री-सुया बाजूला सारायचा आणि मुलीसमोर बसून बघत राहायचा. "बापाचं काळीज दगडाचं," असं बायका म्हणायच्या.

तालुक्याच्या डॉक्टरांनी अपस्मार असल्याचं सांगून गोळ्या दिल्या. एमआरआय काढला, तो नॉर्मल आला. गोळी बदलली, दुसरी जोडली, तरी झटके थांबेनात. फोटोत काही नाही म्हणजे हे बाहेरचंच, असं म्हणणाऱ्यांच्या हाती आता कागदच आला.

शेवटी शिंपी मुलीला शहरात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फाइल बाजूला ठेवली. "झटक्यात ती काय करते, ते सांगा."

"मॅडम, तोंड चघळल्यासारखं हलतं. उजव्या हाताची बोटं फ्रॉकची कड चाचपत राहतात, दुमड घालायला बसल्यासारखी. डावा हात मनगटात वळतो आणि ताठ होतो. दर वेळी डावाच."

"लहानपणी तापात कधी झटका आला होता?"

"दीड वर्षाची असताना. लई वेळ चालला होता."

बाईंनी चिठ्ठीवर लिहिलं : झटक्यात डावा हात वळतो, म्हणून उजवा हिप्पोकॅम्पस नीट पाहावा. पुन्हा एमआरआय ठरला. मुलीच्या कानातले डूल काढून ठेवले. यंत्राच्या ठकठकाटात ती हलली नाही. आधीचे काप 5 मिलिमीटर जाडीचे होते, या वेळी 1 मिलिमीटरचे घेतले. उजव्या कानशिलाच्या आतला तो भाग डाव्यापेक्षा आक्रसलेला आणि पांढुरका दिसला. बाईंनी जुनी फिल्म उजेडात धरली. त्यातही ते अंधुक होतं. तेव्हाच्या चिठ्ठीवर फक्त 'फिट येते' एवढंच लिहिलेलं होतं.

पुढे झटक्यांचं चित्रीकरण आणि मेंदूचा आलेख एकत्र घेतला. त्यातही उजवी बाजूच निघाली. शस्त्रक्रिया झाली. वर्ष उलटलं तरी झटका आला नव्हता. गोळ्या अजून चालू होत्या.

यंत्र दोन्ही वेळा खरंच बोललं होतं. दुसऱ्या वेळी त्याला नेमकं विचारलं गेलं, आणि तो प्रश्न शिंप्याच्या बघण्यातून आला होता.

अपस्माराच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी पूर्ण थांबत नाहीत. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर कोणता हात हलतो, कोणता वळतो, किती वेळ चालतं, हे मोबाइलवर टिपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.