रायबाची नवरी

सातवीच्या वर्गात तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट सांगत होतो. पोलादपूर तालुक्यातले उमरठे आमच्या मुलांच्या पायाखालचे. मुलाचे लग्न बाजूला ठेवून तानाजी कोंढाण्यावर गेला, हे सांगताना माझा आवाज नेहमीप्रमाणे चढला. तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "गुरुजी, त्या नवरीचं काय झालं?"

पुढे महाराजांनी रायबाचे लग्न लावून दिले, अशी परंपरा आहे. पण हळद लागण्याआधीच जिचा सासरा रणात पडला, त्या पोरीला 'पांढऱ्या पायाची' म्हणणाऱ्या जिभा गावात नसतील काय?

हरिभाऊ आपट्यांनी 'गड आला पण सिंह गेला'मध्ये उदयभानूच्या कैदेतली कमलकुमारी उभी केली. तिच्या संकटाने वाचकाचे रक्त तापते. त्या कादंबरीचा मीही ऋणी आहे. परंतु कथेतली कैदी स्त्री पुष्कळदा नायकाच्या तलवारीची धार ठरते. तलवार चालली, की धारेची विचारपूस कोण करतो?

मीही याच पापाचा धनी. लुटीत सापडलेल्या एका मुलीचे हाल मी चार पाने रंगवले. वाचकांनी डोळे पुसले. पाचव्या पानावर तिला विहिरीत लोटून मोकळा झालो. ती जगली असती, तर दुसऱ्या दिवशी तिने काय केले, हे मला लिहावे लागले असते.

१६८९ साली रायगड पडला. लहानग्या शाहूसह येसूबाई मोगलांच्या हाती लागल्या, त्या १७१९ साली सुटून परतल्या. तीस वर्षे! त्यांत रणवाद्ये नाहीत, म्हणून आमची लेखणी तेथे अडखळते.

याचा दुसरा धडा महाडनेच दिला आहे. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी वेगळे बोलले. त्यांच्या हालांवर नुसते हळहळले नाहीत. अस्पृश्यतेची खूण ठरलेली नेसण टाका, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. बायांनी लगोलग नेसण बदलली. जग ज्यांना केवळ सोसणाऱ्या समजत होते, त्यांना बाबासाहेबांनी करणाऱ्या मानले.

मग दुःख लिहूच नये काय? लिहावे, ते झाकणे म्हणजे जुलमालाच हात देणे. मात्र जखमेला जेवढी पाने दिली, तेवढी तिच्या रागाला, शहाणपणाला, दुसऱ्या सकाळी पेटलेल्या चुलीला दिली काय, एवढा हिशेब लेखकाने मनाशी करावा.

त्या मुलीला मी अजून उत्तर दिलेले नाही. विहिरीपाशी सोडलेले ते पाचवे पान मात्र पुन्हा लिहायला घेतले आहे.