पणजीचे नाव काय?



वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे आपल्या देशात जन्मलेले पहिले संत. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मरण आले. संतपद मिळाले १८६२ साली. ते कुणाचे, हे जुन्या कागदांवरूनच कळते: वडील पोर्तुगीज, आई वसईकडची. नुसते आडनाव पाहणारा त्यांना परदेशी समजून पुढे जाईल. आईची नोंद राहिली, म्हणून ते आपले.

संत मत्तयने दिलेल्या प्रभूच्या वंशावळीतही बापांचीच नावे ओळीने येतात. मध्येच तामार, राहाब, रूथ. आणि चौथी तर नुसती ‘उरियाची बायको’! पण तिला गाळलेले नाही.

शीळफाट्याला आपल्यापैकी बरेच जण बाहेरगावाहून आलो. पूर्वजांचा शोध घ्यायचा तर मूळ धर्मग्रामातील स्नानसंस्काराची नोंदवही पाहावी लागते. तीत आईवडिलांची आणि धर्ममातापित्यांची नावे असतात. घरच्या वंशावळीत मात्र पणजीची जागा रिकामी. या सुटीत गावी जाल तेव्हा फादरांना अंदाजे साल सांगा आणि तिचे नाव उतरवून आणा. आजी हयात असेल तर आधी तिला विचारा, रजिस्टर थांबेल.